‘अ’ काढा

४ फेब्रुवारी, मंगळवार

स्वल्पविरामावरून माणसं भांडत नाहीत, असं दादा म्हणतो. दादाने आमच्या प्रेसमधल्या टायपिस्ट बाईंना काम करताना पाहिलेलं नाही.

मी प्रुफावर चुकांच्या खुणा करायच्या, त्यांनी त्या संगणकावर दुरुस्त करायच्या. इतकं साधं काम. पण बाई मध्येच आपलं डोकं चालवतात. आज मी न सांगता त्यांनी एक स्वल्पविराम उडवला. मी विचारलं तर म्हणाल्या, “वाक्याला धाप लागत होती गं.” मी त्यांना स्पष्ट सांगितलं, “जिथे खूण तिथेच हात लावायचा. खूण नसेल तर नाही.” त्या ओठांवर लाली फिरवत होत्या, ती फिरवून पूर्ण केली आणि मग म्हणाल्या, “बरं, मास्तरीणबाई.”

सध्या छापायला आलेली पुस्तिका आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी लिहिली आहे. धर्मी माणूस कसा वागतो आणि अधर्मी कसा, असे सहा पाठ. हा वर्ग मीच घेते, त्यामुळे जबाबदारी दुप्पट. पाळकसाहेबांचा दुपारी निरोप आला की प्रत्येक पाठातले मुद्दे अ, ब, क असे नकोत, आकडे घाला. मी प्रत्येक अ, ब, क भोवती लाल गोल केला आणि शेजारी ‘काढा’ लिहिलं. सहा पाठ, अठरा गोल. मान मोडून आली.

मला वाटतं बाबांनी मला दहा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकवलं ते बरं केलं. पाटीच्या मधोमध रेघ मारून ते एका बाजूला ‘धर्मी’ लिहायचे, दुसऱ्या बाजूला ‘अधर्मी’, आणि दिवसभरातली माझी प्रत्येक गोष्ट मला कुठल्या तरी बाजूला लिहावी लागायची. अजून सवय आहे. आजचं: धर्मी बाजूला, अठरा गोल. अधर्मी बाजूला, बाईंशी आवाज चढवला. (पण चूक त्यांची होती. अर्धंच धरते.)

९ फेब्रुवारी, रविवार

पुस्तिका वाटल्या. निळं कव्हर छान दिसतं. तिसरा पाठ मुलांकडून तीनदा म्हणून घेतला. सगळ्यांचा एक सूर, एकही चुकलं नाही. चर्चचे चिटणीस, आमचे चिटणीसकाका, त्यांची नात तर पुस्तिका न उघडता म्हणाली. काका दाराशी उभे राहून ऐकत होते आणि मान डोलवत होते. जाताना बाबांना म्हणाले, “तुमच्या मुलीच्या हातून गेलेलं काम म्हणजे डोळे मिटून घ्यावं.”

१६ फेब्रुवारी, रविवार

कसं लिहू.

चिटणीसकाकांच्या नातीने घरात काचेचा जग फोडला आणि धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं. पकडली गेली तेव्हा रडली नाही, लाजली नाही. पुस्तिका आणून दाखवली. पाठ तिसरा, मुद्दा पहिला: “धर्मी माणूस आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारतो.” दुसरा: “विचारल्याशिवाय तो खरं सांगत नाही.” तिसरा: “दुसऱ्यांचे दोष तो बोटांवर मोजतो.”

‘अधर्मी’चा अ नाही. चारशे पुस्तिकांत नाही.

आणि मी तीनदा म्हणून घेतलं. माझ्या कानांनी ‘अधर्मी’ ऐकलं, शपथ घेऊन सांगते. (शपथ घेऊ नये. खोडते.) आठवडाभर पस्तीस मुलं घरोघरी हे घोकत होती आणि एकाही आईबापाने कान टवकारले नाहीत. मुलं काय म्हणतात हे कोणी ऐकतच नाही का?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चिटणीसकाका सकाळीच प्रेसमध्ये आले. पुस्तिका मालकांच्या टेबलावर आपटली नाही, फक्त ठेवली, पण ठेवण्याची पद्धत आपटल्यासारखीच. मालकांनी बाईंना बोलावलं.

“प्रुफावर खूण होती. काढा म्हणून,” बाई म्हणाल्या.

“कोणाची खूण?” चिटणीसकाकांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मालक म्हणाले, “ही? ही पोरगी आमची दिनदर्शिका तीनदा वाचते. हिच्या हातून असलं होणार नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “बघावं लागेल.”

एवढंच म्हटलं. आणि ते खरंच आहे, न बघता कसं सांगणार? पण त्यानंतर मला कोणी काही विचारलंच नाही. चिटणीसकाका मालकांशी बोलत राहिले, बाई उभ्या राहिल्या आणि मी जागेवर जाऊन बसले. विचारलं असतं तर मी बघून सांगितलं असतं. माणसं प्रश्न अर्धवट सोडतात आणि मग उत्तर देणाऱ्याने काय करायचं?

सगळे जेवायला गेल्यावर मी माझ्या खणातली प्रुफं काढली. पाठ तिसरा. त्या ओळीवर दोन अ होते शेजारी शेजारी, एक मुद्द्याचा आणि एक ‘अधर्मी’चा. पहिल्यावर मी आकडा लिहिला आहे, पण माझा लाल गोल दुसऱ्यावर आहे. शेजारी माझ्याच अक्षरात ‘काढा’.

तो कागद घरी आणला आहे. लपवायला नाही. प्रेसमध्ये गडबड असते, शांतपणे तपासता येत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

चिटणीसकाकांनी शोध लावला आहे की हे मुद्दाम केलेलं आहे. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून आईकडे आल्या तेव्हा चर्चच्या मंडळीच्या यादीतून बाईंचं नाव काढलं होतं. त्याचा हा सूड, असं ते म्हणतात. मालक म्हणाले, “साहेब, एका अक्षराने काय सूड निघतो?” तर म्हणाले, “अधर्म असाच शिरतो, बारीक फटीतून. ही बाई तुमच्याकडे असेल तर आमचं काम इथे येणार नाही.”

मालकांनी मान खाली घातली. बाईंनी खण रिकामा केला: लाली, कंगवा, चष्म्याचं घर, गोळ्यांची पट्टी. मला वाटलं जाताना काहीतरी टोमणा मारतील. त्यांनी फक्त खुर्ची टेबलाखाली सरकवली.

मला त्यांचा राग आला. भांडायला हवं होतं त्यांनी. प्रूफ आणा, मला दाखवा, असं अडून बसायला हवं होतं. माणसाने आपल्या हक्कासाठी इतकं थंड असू नये.

२३ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर सूचना वाचताना चिटणीसकाका म्हणाले, “आपल्या लेकरांच्या पुस्तकात अधर्म्याचा हात शिरला होता, तो हात आता दूर केला आहे.” मंडळीतून हुंकार आला. बाबांनीही दिला. पाळकसाहेब खाली बघत होते.

जेवताना बाबा म्हणाले, “मला पहिल्यापासून वाटत होतं त्या बाईबद्दल.” आई वाढत राहिली. दादाने घास थांबवून विचारलं, “पण प्रूफ कोणी वाचलं होतं?”

“जेव,” आई म्हणाली.

“नाही, मी आपलं विचारतोय. टाइप एकजण करतं आणि तपासतं दुसरं. मग दुसरं काय करत होतं?”

मी पानावरून उठले. दादाला दर रविवारी चर्चला यायला कंटाळा, आणि चौकश्या मात्र न्यायाधीशाच्या. पोट दुखतंय असं सांगितलं. तोपर्यंत दुखत नव्हतं, सांगितल्यावर दुखायला लागलं, त्यामुळे ते खोटं धरत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पाळकसाहेबांना पत्र लिहायला बसले.

पहिला मसुदा: “पाठ तिसऱ्यातला अ गळला.” गळायला तो काय नळ आहे? दुसरा: “अ सुटला.” जणू दाव्याला बांधला होता. तिसरा: “माझ्याकडून अ राहून गेला.” हा बरा वाटला. ‘माझ्याकडून’ आहे म्हणजे कबुली आहे, आणि ‘राहून गेला’ आहे म्हणजे फारशी नाही. चौथा: “माझ्या हातून चूक झाली.” हात माझा, पण झाली मात्र ती आपली आपण.

आपल्या भाषेत पडणं, गळणं, सुटणं, राहणं, होणं अशी किती क्रियापदं आहेत ज्यांना करणारा माणूस लागतच नाही. वैताग आला. बरोबर वाक्य मला येतं: मी अ काढला. शुद्धलेखनाची एकही अडचण त्यात नाही. तेच तेवढं कागदावर उतरेना.

पाचव्या मसुद्यात ‘दिलगीर’ची वेलांटी तपासली आणि मग सगळे फाडले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

साबण आणायला गेले तर दुकानात बाई. मी पिठाच्या पोत्यांमागे सरकले. खरं म्हणजे मला तिकडे जायचंच होतं.

“ये बाहेर,” बाई म्हणाल्या. “तिथे उंदीर असतात.”

मी विचारलं, “कशा आहात?” काय तरी विचारणं ते.

“आहे. आईच्या पायाला मालीश करते, भिंत बघते. प्रुफं कोण दुरुस्त करतं आता?”

“मालक. एका बोटाने.”

त्या हसल्या. माझ्याकडे निरखून बघितलं. “कागद सापडला का?”

मी दुकानदाराकडे साबण मागितला.

“सापडला,” त्याच म्हणाल्या. “अगं, त्या दिवशी मी विचारलं होतं तुला. इथे ‘धर्मी’ करायचं आहे का म्हणून. तू मान वर न करता म्हणालीस, खूण असेल तर करा, डोकं लावू नका. मग केलं.”

मला ते आठवत नव्हतं. दुकानदाराने साबण कागदात गुंडाळेपर्यंत सगळं आठवलं. त्यांचा हात माझ्या टेबलावर होता. नखांना रंग होता आणि मी त्या रंगाकडे बघून मान खाली घातली होती.

“मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं, मालकांसमोर?”

“सांगितलं की. तू तिथेच होतीस.” पिशवी खांद्याला लावत त्या म्हणाल्या, “तू सांगशील, मला माहितेय. तुला झोप लागत नसेल. पण तू सांगशील ते झोप लागावी म्हणून. मला सोमवारी कामावर जायचंय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत या.”

हे ऐकून मला इतका संताप आला की साबण तिथेच विसरले. मी इतके दिवस तळमळते आहे आणि ही बाई मला शिकवते.

परत जाऊन साबण आणला. त्या गेल्या होत्या.

२ मार्च, रविवार

उपासनेनंतर मागच्या खोलीत पंचमंडळ बसतं. पाळकसाहेब, चिटणीसकाका, आणखी तिघे, आणि सूचना लिहून घ्यायला बाबा. कोणी बोलावलं नसताना मी आत गेले आणि कागद टेबलावर ठेवला. “बघा,” एवढंच म्हटलं.

चिटणीसकाकांनी चष्मा वर करून बघितलं, चष्मा खाली करून बघितलं. कागद फिरला. बाबांपाशी आला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला नाही, टेबलावरच वाचला.

“गोल जरा सरकलाय,” चिटणीसकाका म्हणाले.

“मी चुकीचा अ काढायला सांगितला. त्यांनी मला विचारलंही होतं. आणि हा कागद मी बारा दिवस घरी ठेवला.”

“अरे, कामाच्या रगाड्यात होतं असं. बघा, पोर आपणहून आली. संस्कार म्हणतात ते हे.” मग ते इतरांकडे वळले. “आपण प्रार्थना करू आणि हा विषय इथेच मिटवू.”

सगळ्यांनी डोळे मिटले. माझ्यासाठी आभार मानले गेले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी अंगाची आग झाली. आमेन व्हायच्या आत मी बोलले, आणि जे बोलले ते लिहून ठेवते कारण नंतर मी ते गुळमुळीत करीन. मी म्हटलं, “त्यांचा होता तोवर सूड होता. माझा निघाला तर गोल सरकला. चूक तीच आहे ना? अक्षर तेच आहे.”

“बाळ, माणूस बघून न्याय करावा लागतो,” चिटणीसकाका म्हणाले.

“मग बघा ना मला.”

बाबा म्हणाले, “पुरे.” मी पुरे केलं नाही. विचारलं की बाईंना कामावर परत घेणार का. तर म्हणे प्रेसचं प्रेसवाले बघतील, आपण चूक दुरुस्तीची एक चिठ्ठी छापू, पुस्तिकेत डकवायला.

पाळकसाहेब ती निळी पुस्तिका तिसऱ्या पाठाशी उघडून बसले होते. म्हणाले, “दोन आठवडे झाले, रोज वाचतोय हा पाठ. छापलाय तसा. आणि मला त्यात चूक सापडत नाहीये.”

कोणाला काही कळलं नाही. मलाही नाही. सबंध अक्षर गेलेलं आणि यांना दिसत नाही. त्यांनी डोळे तपासून घ्यायला हवेत.

३ मार्च, सोमवार

बाबा काल दुपारपासून बोलले नव्हते. आज चहा घेताना म्हणाले, “मी तुला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं.”

“खोटं नाही बोलले, बाबा. गप्प बसले.”

“तेही शिकवलं नव्हतं.”

मी म्हटलं, “चिटणीसकाका त्यांच्याबद्दल बोलले तेव्हा तुम्ही हुंकार दिलात. तुम्ही तर त्यांच्याशी कधी एक शब्दसुद्धा बोललेला नाहीत.”

बाबांनी कप खाली ठेवला. आई आतून म्हणाली, “आणखी चहा हवाय का कोणाला?” कोणालाच नको होता. तिने तरी दोघांना ओतला.

मालकांना दुपारी सगळं सांगितलं. ते बराच वेळ मशीन पुसत राहिले. म्हणाले, “मला ती हवीच आहे. एका बोटाने किती दिवस काढू? पण चिटणीस चर्चमध्ये सगळ्यांसमोर बोलले. ते चर्चमध्येच पुसलं गेलं तर मी बोलावतो. इथे माझ्या कानात सांगून काय उपयोग?”

५ मार्च, बुधवार

चिठ्ठीचा मजकूर चिटणीसकाकांच्या हस्ताक्षरात आला: “मुद्रणदोषामुळे पाठ तिसऱ्यातील एक अक्षर गळले आहे. तरी वाचकांनी सुधारून वाचावे.”

गळले आहे.

मूळ मजकुरात मुद्रितशोधकाने शब्द बदलायचा नसतो. तीन वर्षांत मी एकदाही बदललेला नाही. आज सगळाच खोडला आणि वर नवा लिहिला. मालक एका बोटाने टाइप करता करता थांबले.

“मूळ प्रतीत असं नाहीये गं.”

“मूळ प्रत चुकीची आहे.”

“चिटणीसांना विचारलंस?”

“नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “तू म्हणतेस तर बरोबरच असेल,” असं म्हणून टाइप करायला लागले. हेच वाक्य बाईंसाठी कोणी का म्हणालं नाही? मला हुंदका आला तो रागाचा होता. प्रूफ चार वेळा वाचलं.

९ मार्च, रविवार

चिटणीसकाका सूचना वाचतात ते एका चालीत, पुढची ओळ न बघता, वर्षानुवर्षं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांना दारातच दिला होता. त्यांनी वरची घेतली आणि सुरू केलं:

“‘पाठ तिसऱ्यातील एक अक्षर मी चुकून काढले. टायपिस्ट बाईंनी मला त्याबद्दल विचारले होते. मी ऐकले नाही.’”

मंडळीत चुळबुळ झाली. लोक चिटणीसकाकांकडेच बघायला लागले. त्यांना वाटलं हे स्वतःचंच सांगतायत. ते मात्र चालीतच होते.

“‘नंतर दोन आठवडे मी गप्प बसले...’”

‘बसले’पाशी त्यांचा आवाज अडखळला. त्यांनी कागद जवळ घेतला. मागून कोणीतरी खुसखुसलं, दादा असणार. चर्चमध्ये हातात घेतलेला छापील कागद मध्येच सोडणं त्यांना जमत नाही. त्यांनी हळूहळू, एकेक शब्द सुटा करत शेवटपर्यंत वाचलं: “‘...आणि दोष त्यांच्यावर गेला. या ठिकाणी आपण त्यांच्याविषयी जे बोललो, ते खोटे होते.’” खाली ‘मुद्रितशोधक’ असं होतं. तेही वाचलं.

कोणी हुंकार दिला नाही. शेवटच्या बाकावर प्रेसचे मालक होते, ते उठून बाहेर गेले. बाबा समोर बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. नंतर शेवटचं गीत म्हणताना त्यांनी पुस्तक माझ्यासमोरही धरलं, मला ते पाठ असताना.

चिटणीसकाका जिन्यात मला गाठून म्हणाले, “विश्वासघात म्हणतात याला.” मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? केलाच होता.

पाळकसाहेब कोट अंगात चढवत होते. म्हणाले, “मी तिच्याकडे जाऊन येतो. यादीतून नाव काढलं तेव्हा कागदावर सही माझी होती.”

“मीही येते.”

“तू नको.”

“का?”

“तू आलीस की रडशील. मग तिला तुलाच सांभाळावं लागेल.”

मला रडायचं नव्हतं. माफीची वाक्यंसुद्धा तयार होती, सगळी ‘मी’ने सुरू होणारी. ते छत्री न घेता गेले आणि मी फाटकाशी उभी राहिले. दोन तास झाले हे लिहायला बसून, अजून चीड गेलेली नाही. धर्मी बाजूला काय लिहायचं आणि अधर्मी बाजूला काय, ते ठरेना. आज दोन्हीकडे काही लिहीत नाही.

१० मार्च, सोमवार

बाई कामावर आल्या. माझ्या आधी. खणात लाली, कंगवा, चष्म्याचं घर परत. पाळकसाहेब काय बोलले, त्या काय बोलल्या, कोणी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. वाक्य पाठ होतं. त्या मालकांनी एका बोटाने केलेली घाण निस्तरत होत्या, मान वर केली नाही.

“जरा बाजूला हो,” म्हणाल्या. “उजेड अडतोय.”

मी बाजूला झाले.